गोठलेली माती आणि वितळणारी माती



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा मला बोलावले याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून गेली आहेत. माझे शाळेतले शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यानंतर झाले. गेली तीस वर्षे मी रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या संघटनेचे काम करीत आहे. तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन, अशी तुमची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु मी विषय घेतला आहे तो मातीचा. आणि तोही गोठणाऱ्या मातीचा. बाहेर ऊन चाळीस अंशांच्या घरात आहे, मंडपात पंखे गरम वारा फेकीत आहेत, आणि हा गृहस्थ बर्फाची गोष्ट सांगतो, म्हणून कोणी हसले तर त्याला माझी हरकत नाही. निदान तेवढाच गारवा.

हा विषय मला सुचला त्याचे कारण सांगतो. सीमा सडक संघटनेची स्थापना १९६० साली झाली. तिचे मनुष्यबळ ज्या 'ग्रेफ' दलातून येते, त्याचे केंद्र आपल्या पुण्याजवळ दिघी येथे आहे. त्यामुळे लडाखच्या रस्त्यांवर नोकरी करून परतलेली माणसे आपल्याकडे आढळतात. अशाच एका निवृत्त गृहस्थांशी, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, माझे एकदा बोलणे चालले होते. मी म्हटले, "नाना, तिकडे हिवाळ्यात बर्फाने रस्ते मोडत असतील." नाना म्हणाले, "अरे, हिवाळ्यात रस्ता दगडासारखा असतो. फार तर फुगतो, वर येतो. मोडतो तो उन्हाळा लागताना. बर्फ सुटला की खालून राबडी होते आणि रस्ता बसतो." थंडीने मोडलेली वस्तू ऊब आल्यावर का मोडावी, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या मागे लागून मी जे वाचले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम माती म्हणजे काय ते पाहू. शहरातल्या माणसाला माती म्हणजे धूळ वाटते. परंतु शेतकरी ओंजळीत माती घेतो तेव्हा तो कण पाहत नाही, तो घडण पाहतो. वाळू, पोयटा आणि चिकण हे मातीचे तीन प्रकारचे कण. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो, पोयट्याचा पिठासारखा बोटांना लागतो आणि चिकणमातीचा सूक्ष्मदर्शकाखेरीज कळत नाही. हे कण सुटे राहत नाहीत. मुळांचे चिकट स्राव, कुजलेला पाला, बुरशीचे धागे आणि चिकणमाती यांच्या योगाने ते एकमेकांस धरून राहतात आणि त्यांचे रवे बनतात. रव्यारव्यांमध्ये पोकळ्या असतात. मोठ्या पोकळ्यांतून पाणी निचरते आणि हवा खेळते, लहान पोकळ्यांत ओल टिकते. पाऊस उघडल्यावर जमिनीला वाफसा येतो, असे आपण म्हणतो. तो वाफसा म्हणजे या घडणीचाच प्रसाद आहे. रवे फुटले, पोकळ्या बुजल्या, की जमीन एक तर चिबड होते, नाही तर वाळून पापुद्रा धरते, आणि पाण्याबरोबर वाहून जाऊ लागते. धूप ही मातीची घडण मोडल्यानंतरची दुसरी पायरी आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता या ओल्या मातीवर थंडी पडली असे समजा. पाणी गोठताना शेकडा सुमारे नऊ भागांनी फुगते, हे आपण शाळेत शिकलो. जमीन फुगते तीही यामुळेच, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. पण हिशेब बसत नव्हता. थंड देशांतले रस्ते हिवाळ्यात कित्येक इंच वर उचलले जात. मातीत मुळात होते तेवढे सारे पाणी गोठले, तरी एवढी वाढ होणे शक्य नव्हते.

हे कोडे सोडवले स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने. दक्षिण कॅरोलिना विद्यापीठात त्याने केलेले प्रयोग १९२९ आणि १९३० साली प्रसिद्ध झाले. त्याने एक गमतीचा प्रयोग केला. मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरले. बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसते. तरीही ती माती गोठताना वर उचलली गेली. म्हणजे उचलण्याचे कारण फुगणे हे नव्हे, हे सिद्ध झाले. मग कारण कोणते? जेथे गोठण चालू आहे तेथे खालून नवे पाणी ओढले जाते, हे ते कारण. १९३५ साली स्वीडनच्या गुन्नार बेस्को याने रस्ते आणि लोहमार्ग यांच्या संदर्भात याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे सारे पक्के झाले.

हे ओढणे कसे होते ते समईच्या उदाहरणाने सांगतो. वातीच्या टोकाशी तेल जळते आणि जळते म्हणूनच खालचे तेल वर चढते. मातीच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा अतिशय पातळ पदर असतो. हा पदर शून्य अंशाखाली गेला तरी लगेच गोठत नाही. शेजारी तयार झालेला बर्फ त्या पदरातले पाणी शोषून घेतो, पदर पातळ होतो, आणि तो खालच्या ओल्या मातीतून पाणी खेचतो. असे खेचलेले पाणी बर्फाला मिळत जाते आणि जमिनीत आडवे, भिंगाच्या आकाराचे बर्फाचे थर वाढू लागतात. शास्त्रज्ञ त्यांना बर्फाची भिंगेच म्हणतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे पाण्याचा पुरवठा चालू असेतोवर गोठण्याची रेषा एकाच खोलीवर थबकून राहते आणि भिंग जाड होत जाते. थंडी एकदम कडाक्याची पडली, तर ही रेषा झरझर खाली जाते आणि भिंगाला वाढायला वेळच मिळत नाही. सावकाश पडलेली थंडी जमिनीला अधिक उचलते ती यामुळे.

म्हणजे या उद्योगाला तीन गोष्टी लागतात: थंडी, पाणी आणि वातीसारखी माती. तीनपैकी एक काढून घ्या, जमीन उचलली जाणार नाही. वाळूच्या पोकळ्या मोठ्या, म्हणून ती वात होऊ शकत नाही. निव्वळ चिकणमाती जोराने ओढते, पण तिच्यातून पाणी इतके सावकाश चालते की हिवाळा संपून जातो. सर्वांत वाईट तो मधला पोयटा. त्याला ओढही आहे आणि वाटही मोकळी आहे. आर्थर कॅसाग्रांडे या अभियंत्याने १९३१ साली रस्त्यांसाठी एक साधा ठोकताळा दिला. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून बारीक कण वजनाने शेकडा तीनपेक्षा अधिक असतील, तर लहानमोठ्या कणांच्या मिश्र मातीला थंडीपासून धोका आहे, असे समजावे. शंभर घमेल्यांत तीन घमेली! मुरुमात बारीक माती खपवणाऱ्या आमच्या काही ठेकेदार मित्रांनी हा आकडा घरी लिहून ठेवावा.

या विषयात विद्यापीठाबाहेरच्या माणसांनीही भर घातली आहे. जपानात हिवाळ्याच्या सकाळी ओल्या मातीवर बर्फाच्या बारीक सुया उभ्या राहिलेल्या दिसतात. त्यांना तिकडे 'शिमोबाशिरा' म्हणतात, म्हणजे दहिवराचे खांब. टोकियोच्या जियू गाकुएन या शाळेतल्या मुलींच्या एका गटाने १९३० नंतरच्या दशकात या खांबांचा अभ्यास हाती घेतला. हिमकणांचा थोर अभ्यासक उकिचिरो नाकाया याने त्यांच्या कामाची मुक्तकंठाने स्तुती केली. हे वाचून मला जो आनंद झाला तो तुम्हांला समजेल. अंगणातल्या मातीला प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. पहाटे उठावे लागते, इतकेच.

या सुया दिसायला नाजूक, पण काम पक्के करतात. त्या मातीच्या कणांना, खड्यांना, कोवळ्या रोपांनाही डोक्यावर घेऊन उचलतात. रोप उचलले जाते, मूळ तुटते, आणि ऊन पडल्यावर रोप आडवे होते. उतारावर आणखी एक गोष्ट घडते. सुई उतारापासून काटकोनात वाढते, म्हणून खडा उताराच्या बाहेरच्या दिशेने उचलला जातो. वितळताना मात्र तो सरळ खाली पडतो. अर्थात तो मूळ जागी पडत नाही, थोडा खालच्या अंगाला पडतो. एका रात्रीत हे अंतर नगण्य असते. परंतु असे हिवाळ्यातून अनेकदा आणि शेकडो हिवाळे घडले, म्हणजे डोंगराची माती पाऊस न पडताही खाली सरकते. पुढे वितळलेल्या पाण्याने भिजून सगळा थरच सावकाश ओघळू लागतो. या ओघळण्याला १९०६ साली गुन्नार अँडरसन या स्वीडिश भूशास्त्रज्ञाने 'सॉलिफ्लक्शन' असे नाव दिले. आपण 'मातीचे ओघळणे' म्हणू.

आता नानांच्या प्रश्नाकडे वळू. बर्फाच्या भिंगांनी जमिनीत तिच्या मूळ साठ्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी आणून ठेवलेले असते. बर्फ आहे तोवर ते बांधलेले असते, आणि जमीन दगडासारखी टणक असते. मग ऋतू पालटतो. ऊन वरून पडते, म्हणून बर्फ मुख्यतः वरून सुटतो. वरची वीतभर माती मोकळी झाली, पण खाली अजून गोठलेला थर आहे. सुटलेल्या पाण्याला खाली जायला वाट नाही. लाद्यांच्या फरशीवर चिखल ओतावा तशी त्या मातीची अवस्था होते. तिच्यात बळ राहत नाही. अशा वेळी तिच्यावर पाऊस पडला किंवा वरचे हिम वितळून वाहू लागले, की पाणी मुरत नाही आणि माती प्रतिकार करीत नाही. ओघळ पडतात, ओघळांच्या घळी होतात, आणि वर्षाच्या धुपीपैकी मोठा वाटा थोड्या दिवसांत उरकला जातो.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांतील पलूस नावाचा प्रदेश. आपल्या सांगली जिल्ह्यातही पलूस आहे, पण दोहोंचा संबंध नावापुरताच. हा अमेरिकेतला पलूस म्हणजे वाऱ्याने आणलेल्या पोयट्याच्या टेकड्यांचा मुलूख. जमीन सुपीक, उतार तीव्र, पीक गव्हाचे. तिकडे पाऊस आणि हिम पडते ते मुख्यतः हिवाळ्यात. शरदात गहू पेरण्यासाठी जमीन नांगरून पिठासारखी केली की हिवाळ्यात ती उघडी राही. मग गोठणे, वितळणे, गोठलेल्या थरावर पाऊस, असा फेरा चाले. अमेरिकेच्या शेतीखात्याने १९७८ साली या खोऱ्याची पाहणी प्रसिद्ध केली. लागवडीखालच्या जमिनीपैकी शेकडा १० भागांवर मूळची वरची माती सर्वस्वी नाहीशी झाली होती, आणि आणखी शेकडा ६० भागांवर तिचा पाव ते पाऊण हिस्सा गेला होता. शेती तेथे सुरू होऊन त्या वेळी जेमतेम शंभर वर्षे झाली होती. निसर्गाला जी माती साठवायला हजारो वर्षे लागली, ती तीन-चार पिढ्यांत नदीला मिळाली.

येथे कोणी म्हणेल, थंडी ही निसर्गाची करणी, तिच्यापुढे कोणाचे काय चालणार? हेच वाक्य तपासून पाहण्यासाठी मी आज उभा आहे. त्याच प्रदेशात, तसल्याच थंडीत, ज्या शेतात कापणीनंतर धसकटे आणि काड उभे ठेवले तेथे धूप पुष्कळ कमी झाली. याचे कारणही कळले आहे. उघडी, दाबलेली, पाण्याने भरलेली जमीन गोठते ती सिमेंटच्या लादीसारखी, तीतून थेंब मुरत नाही. पालापाचोळ्याखालची, रवाळ घडणीची जमीन गोठली तरी तिच्या पोकळ्या मोकळ्या राहतात. शिवाय काड हिमाला अडवून धरते, आणि हिम हे जमिनीचे पांघरूण आहे. हिमाखाली जमीन कमी खोल गोठते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात हबर्ड ब्रुक येथील जंगलात संशोधकांनी हिवाळ्याच्या आरंभी काही तुकड्यांवरचे हिम फावड्याने काढून टाकले. त्या उघड्या तुकड्यांची जमीन अधिक गोठली, झाडांची बारीक मुळे मेली आणि जमिनीतले नत्र पाण्याबरोबर निघून गेले. २००१ साली हे काम प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा मथळा उष्ण होत चाललेल्या जगातली थंड होत चाललेली माती अशा आशयाचा होता. जग तापले की जमीन कमी गोठेल, असे सरळ गणित सर्वत्र बसत नाही. हिम कमी झाले तर पांघरूण जाते आणि जमिनीला थंडी अधिक बाधते.

थंडीचा उपकारही सांगितला पाहिजे, नाही तर तो अन्याय होईल. युरोपातले शेतकरी भारी चिकण जमीन हिवाळ्यापूर्वी नांगरून मोठी ढेकळे तशीच टाकतात. ढेकळातल्या पाण्याचे बर्फ होते, ते चिरांतून वाढते, ढेकूळ फुटते, आणि वसंतात हाताने चुरावी अशी माती मिळते. आयडाहोतील किंबर्ली येथील संशोधकांनी १९९१ च्या सुमारास असे दाखवले की पहिल्या दोन-तीन गोठण्या-वितळण्यांनी मातीच्या रव्यांची बळकटी काही वेळा वाढतेसुद्धा. मात्र माती गोठतेवेळी तिच्यात पाणी फार असेल, तर तेच रवे फुटतात. म्हणजे पुन्हा मुद्दा पाण्यापाशी आला. थंडी एकच, पण निचरा झालेल्या मातीला ती घडवते आणि तुंबलेल्या मातीला मोडते.

याच्याशी जोडलेली एक समजूत फार महाग पडली आहे. अवजड यंत्रांनी शेताचा खालचा थर दाबला गेला तर फिकीर नको, हिवाळ्याची थंडी तो पुन्हा मोकळा करील, असे थंड देशांत मानीत. मिनेसोटात आणि स्वीडनमध्ये यावर दीर्घकाळ प्रयोग झाले. जमीन दर हिवाळ्यात गोठत होती, तरी नांगराच्या खालचा दाबलेला थर वर्षानुवर्षे दाबलेलाच राहिला आणि पिके त्याची किंमत मोजीत राहिली. ज्याने वजन घातले तो निघून जातो, आणि 'निसर्ग भरून काढील' असा हवाला मागे ठेवतो. आमच्या धंद्यात असले हवाले आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

धंद्याचे नाव निघालेच आहे, तर रस्त्याकडे येतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक प्रचंड परीक्षा झाली. नाना जाडीचे रस्ते बांधून त्यांवर सैनिकांकरवी रात्रंदिवस मालमोटारी फिरवल्या. दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, पुष्कळसे रस्ते फुटले ते वसंतातल्या वितळणीच्या दिवसांत. दुसरी, आसावरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, ते सुमारे सोळापट होते. म्हणूनच मिनेसोटासारख्या राज्यांत आणि कॅनडात वसंताचे काही आठवडे मालमोटारींचे वजन कायद्याने कमी केले जाते. जमीन कच्ची आहे, तिला सावरू द्या, असा तो नियम आहे. आजारातून उठलेल्या माणसाला हलके काम द्यावे, याहून त्यात वेगळे काय आहे?

तिबेटमधला लोहमार्ग घ्या. गोलमुड ते ल्हासा हा ११४२ किलोमीटरांचा टप्पा २००६ साली सुरू झाला. त्यातले सुमारे साडेपाचशे किलोमीटर बारमाही गोठलेल्या जमिनीवरून जातात. तेथे प्रश्न उलटा आहे. ती जमीन वितळू नये म्हणून खटपट करावी लागते. त्यासाठी भरावात मोठी खडी घातली आहे, की तिच्यातून थंड हवा खेळावी. काही ठिकाणी जमिनीतली उष्णता बाहेर नेणाऱ्या नळ्या उभ्या केल्या आहेत. पैसा आणि अक्कल खर्च करायची ठरवली, तर निसर्गाशी जुळवून घेता येते, याचा हा दाखला आहे.

आणि आता लडाख. २०२० च्या जूनमध्ये झारखंडातल्या दुमका स्थानकावरून मजुरांची एक खास आगगाडी निघाली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत देशभरचे मजूर गावी परतत होते, आणि ही माणसे उलट दिशेने सीमेवरचे रस्ते करण्यासाठी निघाली होती. दुमका भागातली माणसे पुष्कळ वर्षांपासून या कामाला जातात. त्या वेळी झारखंड सरकारने मध्यस्थ वगळावेत, मजुरी थेट खात्यात जमा व्हावी, विमा आणि औषधोपचाराची सोय असावी, अशी मागणी केली. त्या मागणीची गरज का पडली, हे संघटनेत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ही माणसे कामावर हजर होतात ती नेमकी हिम सुटण्याच्या मोसमात. म्हणजे डोंगर सर्वांत कच्चा असतो तेव्हा. हिवाळाभर खडकाच्या चिरांत पाणी गोठून दगड सैल झालेले असतात. बर्फानेच त्यांना धरलेले असते, आणि ऊन पडले की तो हात सुटतो. वरून दगड, खालून राबडी, आणि मध्ये फावडे घेतलेला माणूस. सकाळी दहिवर असताना जो उतार पक्का होता, तो दुपारी पक्का नसतो. तेव्हा कोणत्या वेळी कोणत्या उताराखाली माणसे उभी करायची, हा निर्णय मातीच्या ज्ञानाचा आहे. आणि त्यावर जीव अवलंबून आहेत. मी म्हणतो, हे ज्ञान अभियंत्याच्या वहीत राहू नये, ते मुकादमाला आणि मजुराला त्याच्या भाषेत सांगितले जावे. मजुराने 'साहेब, आता येथे उभे राहणे बरे नाही' असे म्हटले, तर त्याची हजेरी कापली जाऊ नये.

याच हिमालयात शेतकरी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत. झंस्कारमध्ये वसंत लागताना शेतावरच्या हिमावर कोरडी माती पसरतात. काळसर माती ऊन शोषते, हिम लवकर वितळते आणि पेरणीला चार दिवस अधिक मिळतात. उन्हाळा आखूड असलेल्या मुलखात चार दिवस म्हणजे पीक हाती येणे किंवा न येणे. त्यासाठी लागणारी माती हिवाळ्यापूर्वीच साठवून ठेवलेली असते.

आपल्या महाराष्ट्राचा यात काय संबंध? सरळ संबंध थोडाच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते, तेवढीच आपली थंडी. आपली जमीन गोठत नाही. पण तीही फुगते आणि आकसते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भेगांत वरची माती पडते, आणि ती आपली आपणच खालीवर होते. थंड देशात जे काम बर्फ करतो, त्यातले काही आपल्याकडे ओल आणि ऊन करतात. आणि धुपीचा आपला धोक्याचा आठवडा म्हणजे मृगाचा पहिला जोरदार पाऊस. जमीन उघडी, पीक अजून वर आलेले नाही, थेंबांच्या माराने रवे फुटतात, पोकळ्या बुजतात, आणि ओढ्याला चहाच्या रंगाचे पाणी येते. पलूसच्या टेकडीवरचे शेत आणि आपल्या माळावरचे शेत यांचे हवामान निराळे, पण उघडे पडलेल्या मातीचे दुःख एकच आहे.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातला एक नवा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात खचला. ठेकेदाराचे म्हणणे असे की पाऊस असामान्य झाला आणि मजुरांनी दबाई नीट केली नाही. अठरा माणसांची आठवड्याची मजुरी अडवली गेली. आम्ही मागणी करून रस्ता एका ठिकाणी खणवला. खाली मुरुमाऐवजी पोयटा निघाला, आणि आराखड्यात दाखवलेले बाजूचे गटार जागेवर नव्हतेच. मजुरी मिळाली. त्या दिवशी आमच्या बाजूने मोर्चा किंवा घोषणा यांनी काम केले नाही, मातीने साक्ष दिली. मला या शास्त्राची गोडी लागली याचे हेही एक कारण आहे. निसर्ग आणि मजूर हे दोघे असे आहेत की दोष यांच्या माथी मारला तर उलट उत्तर येत नाही. म्हणून दोहोंच्या वतीने कोणीतरी वाचले पाहिजे.

समारोप करतो. इतके वाचून मी जे शिकलो ते तीन शब्दांत मावते: पाणी, पांघरूण आणि वजन. पाण्याला वाट द्या, मग थंडी असो की पाऊस, तो जमिनीचे फारसे वाकडे करू शकत नाही. जमिनीवर पांघरूण राहू द्या, काडाचे, पाल्याचे किंवा पिकाचे. आणि ती कच्ची असेल तेव्हा तिच्यावर वजन घालू नका. यातली एकही गोष्ट आकाशाच्या हाती नाही. गटाराचा खर्च कोण कापतो, धसकटे कोण जाळतो, आणि भरलेली गाडी कच्च्या रस्त्यावर कोण सोडतो, या प्रश्नांना माणसांची उत्तरे आहेत.

आपल्या नगरपालिकेच्या हद्दीत यंदा पावसाळ्यापूर्वी रस्त्यांची कामे निघणार आहेत. तुम्ही सारे सुशिक्षित नागरिक आहात. येता-जाता पाच मिनिटे थांबून पाहा, की खाली काय घातले जात आहे आणि पाण्याला वाट ठेवली आहे की नाही. नसेल तर विचारा. काम करणाऱ्या माणसाला विचारलेत तर तोही सांगेल. त्याला हे ठाऊक असते, पण विचारणारा भेटत नाही. एवढे तुम्ही केलेत, तर आजची ही उन्हातली बर्फाची गोष्ट वाया गेली नाही, असे मी समजेन.